दोरी आणि भिंत
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी दुःखाची कथा सांगावी काय, असा प्रश्न आमच्या मनात आला होता. परंतु जे मंदिर आपल्या वाडवडिलांनी बांधिले, ते पुढेही उभे राहावे यासाठी काय करावयास हवे, हे त्या कथेवरून ध्यानी येते. म्हणून ती सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेतील टेक्सस प्रांतात गॅल्व्हेस्टन हे शहर एका सखल, वाळूच्या बेटावर वसलेले आहे. १९०० साली तेथे सुमारे ३७,००० लोक राहत, आणि शहरातील उंचात उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम ९ फूट होती. १८८६ साली त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे गाव वादळाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा गॅल्व्हेस्टनकरांनी समुद्रास भिंत घालण्याचा विचार केला. पण दिवस लोटले तसा तो मागे पडला. १८९१ साली तेथील हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाईन यांनी तर हे भय निव्वळ भ्रम होय, असे वर्तमानपत्रात लिहिले. जाणत्याने अभय दिले, मग भिंत कोण घालतो?

८ सप्टेंबर १९०० रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्याच दिवशी, तुफान आले. वाऱ्याबरोबर समुद्र १५ फुटांहून अधिक चढला व सारे शहर जलमय झाले. सुमारे ३,६०० घरे नष्ट झाली. निदान ६,००० माणसे मृत्युमुखी पडली. क्लाईन यांची पत्नीही त्यांत गेली. प्रेते समुद्रात सोडली, ती लाटांनी परत आणली. अखेर जागजागी चिता रचाव्या लागल्या.

शहराबाहेर समुद्रकाठी सेंट मेरीज अनाथाश्रम होता. तेथे १० धर्मभगिनी व ९३ मुले होती. भगिनींनी कपडे वाळत घालण्याच्या दोरीने मुलांस आपल्या कमरेशी बांधून घेतले आणि त्यांचा धीर सुटू नये म्हणून त्यांच्याकडून मरियेचे स्तोत्र गाववून घेतले. इमारत कोसळली. तीन मुलगे एका झाडास धरून वाचले. बाकी सर्व गेली.

परमेश्वराने त्या दोरीस यश का दिले नाही? आम्ही धर्मगुरू असूनही या प्रश्नाचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. एवढे मात्र निश्चित, की भगिनींनी हाती होते ते सर्व केले. नगराने ते केले नव्हते. जे काम भिंतीचे, ते दोरीच्या माथी आले.

पुढे नगर जागे झाले. १९०४ पर्यंत ३ मैल लांब व १७ फूट उंच भिंत उभी राहिली. नंतर २,००० हून अधिक इमारती जॅक लावून उचलल्या व खाली वाळूचा भराव घातला. सेंट पॅट्रिकचे ३,००० टनांचे मंदिर ७०० जॅकांनी ५ फूट वर घेतले. १९१५ साली पुन्हा प्रचंड तुफान आले, तेव्हा शहरात फारच थोडे लोक दगावले. अनाथाश्रमही वर्षभरात पुन्हा उघडला, आणि त्या संघाच्या भगिनी दर ८ सप्टेंबरास ते स्तोत्र आजही गातात.

बंधुभगिनींनो, त्याच दिवशी आपणही मरियेचा सण पाळतो. तेव्हा प्रार्थनेबरोबर इतकेही विचारीत जाऊ या: शेजारच्या विधवेचे छप्पर धड आहे काय? गावच्या बांधास भगदाड पडले आहे काय? पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणून आपण काय मागे टाकले आहे? संकटात दोरी बांधणारे हात लाभणे ही देवाची कृपा होय. वेळेवर भिंत घालणे हे मात्र आपले कर्तव्य होय. ते करण्याची सद्बुद्धी परमेश्वर आपणा सर्वांस देवो.