एका वर्षात दोन पाडवे

एखाद्या सराफाने गुढीपाडव्याच्या विक्रीची बेरीज आर्थिक वर्षाप्रमाणे केली, तर 2023-24 समोर शून्य येईल आणि 2024-25 समोर दोन पाडव्यांची विक्री. बेरीज चोख, पण तुलना फसलेली. पाडवा 2023 साली 22 मार्चला होता, 2024 साली 9 एप्रिलला आणि 2025 साली 30 मार्चला. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला बदलतं, त्यामुळे मधलं एक वर्ष पाडव्याविना गेलं आणि पुढच्यात दोन आले.

पॉवर बीआयसारख्या डेटा-विश्लेषणाच्या साधनात काम करणारी मंडळी अशा हिशेबांसाठी वेगळं कॅलेंडर टेबल ठेवतात. दर तारखेला एक ओळ. दुकान बंद असलं तरी त्या दिवसाची ओळ हवीच. विक्रीच्या नोंदी तारखेने या टेबलाला जोडायच्या आणि वर्ष, तिमाही, महिना इथूनच घ्यायचा.

साधं वर्ष आणि महिना काढणं हे एका फंक्शनचं काम. आर्थिक वर्षासाठी तारीख तीन महिने मागे ढकलायची आणि मग तिचं वर्ष घ्यायचं. 15 फेब्रुवारी 2025 मागे गेली की 15 नोव्हेंबर 2024 होते, म्हणजे वर्ष 2024-25. पॉवर बीआयच्या डॅक्स या सूत्रभाषेत हे ढकलणं ‘ईडेट’ हे फंक्शन करतं. त्याच मागे नेलेल्या तारखेचा महिना घेतला की एप्रिल पहिला, मार्च बारावा असा क्रमांकही मिळतो. तो रकाना जरूर करा. नुसती नावं ठेवलीत तर आलेखात ती अक्षरक्रमाने लागतात. एप्रिलनंतर ऑक्टोबर येतो आणि जानेवारीला लागून जुलै! नावांची मांडणी या क्रमांकाप्रमाणे करायला सांगितलं की एप्रिल ते मार्च सरळ लागतात.

आणखी एक. हे रकाने डेटा रिफ्रेश करताना मोजले जातात आणि तसेच साठवले जातात. ‘आजपासून किती दिवस’ असा रकाना असेल आणि चार दिवस रिफ्रेश केलं नाही, तर त्याचा ‘आज’ चार दिवस शिळा.

पाडव्याला मात्र तीन महिने मागे ढकलण्यासारखी सोपी युक्ती नाही. 2023 साली अधिक श्रावण आला, म्हणून पुढचा पाडवा एप्रिलात सरकला. ते गणित पंचांगकर्त्यांचं. डॅक्समध्ये लिहीत बसणं मला तरी उगाच खटाटोप वाटतो. पंचांगातून तारखा घेऊन सणांची छोटी यादी करावी आणि तिच्या आधारे ‘पाडव्याला किती दिवस उरले’ हा रकाना मोजावा. ती नुसती वजाबाकी. मग 2024 मधले 30 मार्च ते 8 एप्रिल हे दहा दिवस 2025 मधल्या 20 ते 29 मार्चच्या समोर ठेवता येतात. पहिल्या दहांमध्ये आर्थिक वर्ष बदलतं, पण त्याने तुलना बिघडत नाही. सोन्याचा भाव तेवढा वेगळा पाहावा लागेल.