पाय ओढू नका, आधी हात फिरवा

आम्ही कुंभिवलीच्या बचत गटातल्या बाया.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीच्या कुत्रीला गाडीचा धक्का लागला. पाय उतरला असेल म्हणून आम्हीच दोघींनी धरून ओढला. ती किंचाळली, ते अजून कानात आहे. हाड मोडलं होतं, ओढल्यानं आणखी सरकलं. आता ती तीन पायांवर चालते.

हातानं उपचार करायची ऑस्टिओपॅथी नावाची पद्धत आहे. अमेरिकेतल्या अँड्र्यू स्टिल या डॉक्टरांनी ती १८७४ मध्ये माणसांसाठी मांडली, पुढे ती घोडा, कुत्रा, मांजरापर्यंत आली. शिकलेला माणूस सांधे, स्नायू चाचपतो, आखडलेलं हळूहळू सैल करतो. जनावरांत तिचा पुरावा अजून थोडाच आहे, आणि मोडलेलं हाड तिनं जुळत नाही. म्हणून आधी पशुवैद्य.

चाचपणं मात्र आपल्यालाही जमतं. आपल्या माथेरानला मोटारींना बंदी, माणसं-सामान घोड्यांच्या पाठीवर. खोगीर उतरवलं की पाठीवरून तळवा फिरवायचा. जागा गरम लागली, सुजली असली, किंवा घोडा पाठ चोरू लागला, तर त्याला कामाला जुंपायचं नाही. बैलाच्या खांद्याचंही तेच.

कुत्रा जखमी असेल तर त्याच्या तोंडाला ओढणी बांधा, दुखणारं जनावर मालकिणीलाही चावतं. धाप लागली असेल तर मात्र बांधू नका. फळीवर सरकवून दवाखान्यात न्या, नाहीतर १९६२ वर फोन करा. आणि मांजराला आपली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, एका गोळीनंही ते दगावतं.