जर्मन नागरिकत्व आणि भारतीय अर्जदार

नागरिकत्व ही बहुतेकांना जन्माबरोबर लाभणारी आणि म्हणूनच क्वचित विचारात घेतली जाणारी गोष्ट आहे. माणूस ज्या देशात जन्मतो आणि वाढतो, त्या देशाशी असलेले हे नाते त्याला श्वासासारखे सहज वाटते. त्या नात्याचे मोल कळते ते दोन प्रसंगी: ते हिरावले गेल्यावर, किंवा दुसऱ्या देशाकडे ते मागण्याची वेळ आल्यावर. बंगळूरहून जर्मनीत जाऊन स्थिरावलेल्या अनेक अभियंत्यांपुढे आणि संशोधकांपुढे आज दुसरा प्रसंग उभा आहे. त्यांच्या अर्जामागे कोणता इतिहास आहे, त्या अर्जात काय मागितले जाते आणि त्याची किंमत नेमकी कोठे मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात करावयाचा आहे.

बंगळूर आणि जर्मनी यांचा संबंध संगणकाच्या युगात सुरू झाला, असा समज आढळतो. तो खरा नाही. जर्मनीच्या बॉश उद्योगाशी निगडित असलेली ‘मायको’ ही कंपनी १९५१ साली स्थापन झाली आणि बंगळुरातील अनेक घरांची चूल तिच्यावर चालली. त्याही आधी, १९३५-३६ च्या हिवाळ्यात, एक थोर जर्मन शास्त्रज्ञ या शहरात काही महिने राहून गेला. त्याचे नाव माक्स बोर्न. ग्यॉटिंगेन विद्यापीठातील हा प्राध्यापक ज्यू वंशाचा असल्यामुळे नाझी राजवटीने १९३३ मध्ये त्याला पदावरून दूर केले होते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या निमंत्रणावरून तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आला. त्याला तेथे कायमची जागा मिळावी म्हणून रामन यांनी खटपट केली. परंतु ती सफल झाली नाही. बोर्न १९३६ मध्ये एडिंबरोला गेला आणि ३१ ऑगस्ट १९३९ रोजी ब्रिटिश नागरिक झाला. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले. तो दिवस हुकला असता, तर ज्या देशाने त्याला आसरा दिला होता त्याच देशाच्या दृष्टीने तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला असता.

बोर्नचा भाचा ओटो क्योनिग्सबर्गर हा वास्तुशास्त्रज्ञही जर्मनी सोडून १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानच्या सेवेत आला. बंगळूरच्या विज्ञान संस्थेतील काही इमारती त्याच्याच कल्पनेतून उभ्या राहिल्या. पुढे २५ नोव्हेंबर १९४१ च्या एका हुकुमाने नाझी सरकारने परदेशात राहणाऱ्या सर्व जर्मन ज्यूंचे नागरिकत्व एका फटक्यात काढून घेतले. एखादे सरकार केवळ कागदावरच्या चार ओळींनी लाखो माणसांना निराधार करू शकते, हे त्या काळाने दाखवून दिले.

आजचा जर्मन कायदा या अनुभवाची जाणीव ठेवून रचलेला आहे. १९४९ च्या मूलभूत कायद्याच्या १६ व्या अनुच्छेदाने नागरिकत्व हिरावून घेण्यास मनाई केली, तर ११६ व्या अनुच्छेदाने नाझी राजवटीने वंश, धर्म वा राजकीय मतांपायी ज्यांचे नागरिकत्व काढून घेतले, त्यांना आणि त्यांच्या वंशजांना ते परत मिळवण्याचा हक्क दिला. अशा रीतीने गेलेले नाते परत जोडण्याची वाट खुली झाली. परंतु बाहेरून आलेल्याशी नवे नाते जोडण्याची वाट दीर्घकाळ अरुंदच राहिली. १९१३ चा कायदा रक्ताचे नाते प्रमाण मानणारा होता: जर्मन आईबापांचे मूल जगात कोठेही जन्मले तरी जर्मन, आणि परकीयाचे मूल बर्लिनमध्ये जन्मले तरी परकीय. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून पश्चिम जर्मनीने कामगार आणले, तेव्हा त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले गेले. पाहुणा कधीतरी परत जातोच, ही त्या शब्दामागची अपेक्षा होती. पाहुणे मात्र राहिले, त्यांची मुले तेथेच शाळेत गेली, आणि कायदा वास्तवाच्या मागे पडला.

१९९० च्या दशकात प्रौढ परकीयाला नागरिकत्वाचा हक्क सांगण्यासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांचा रहिवास लागे. २००० साली अमलात आलेल्या सुधारणेने ही मुदत ८ वर्षांवर आणली, तर २७ जून २०२४ पासून ती ५ वर्षांची झाली. मुदतीचे हे आकडे म्हणजे त्या समाजाच्या बदलत्या मनाचा आलेखच होय. बदल विरोधावाचून झाला नाही. २००० साली संगणक-तज्ज्ञांना ५ वर्षांपुरते परवाने देण्याची योजना निघाली, तेव्हा एका प्रांतातील निवडणुकीत ‘भारतीयांऐवजी मुले’ अशी घोषणा गाजली. बाहेरून भारतीय आणण्यापेक्षा घरच्या मुलांना संगणक शिकवा, असा तिचा आशय होता. त्या योजनेतील २० हजार परवानेही पुरते खपले नाहीत. ज्याला पाचव्या वर्षी बोचके आवरावे लागणार, तो घर कशाला मांडील? पुढील काळात जर्मनीने दीर्घ मुदतीचे परवाने देण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागे हा धडाही होता.

आज अर्जदाराकडून काय अपेक्षिले जाते? पाच वर्षांचा कायदेशीर रहिवास, सरकारी निर्वाहभत्त्यावाचून चालणारा चरितार्थ, जर्मन भाषेचे सहा पायऱ्यांपैकी तिसऱ्या म्हणजे ‘बी-१’ पायरीचे ज्ञान, आणि लोकशाही राज्यव्यवस्थेवरील निष्ठा, या मुख्य अटी होत. २०२४ पासून नाझी अत्याचारांबाबत जर्मनीवर असलेल्या ऐतिहासिक जबाबदारीचा स्वीकारही अर्जदाराला स्पष्ट शब्दांत करावा लागतो. ज्यांचे शिक्षण जर्मनीत झालेले नाही त्यांना सहसा एक परीक्षा द्यावी लागते. तीत ३३ प्रश्न असतात व किमान १७ उत्तरे बरोबर यावी लागतात. सर्व ३१० संभाव्य प्रश्न आधीच प्रसिद्ध केलेले असल्यामुळे ही परीक्षा अवघड नाही. प्रौढाला २५५ युरो शुल्क पडते. विशेष प्रगती दाखवणाऱ्यास तीनच वर्षांत अर्ज करू देणारी तरतूदही २०२४ मध्ये आली होती. ती २०२५ मध्ये रद्द झाली.

अडते ते बरेचदा कागदांपाशी, आणि हे कागद बंगळुरातच शोधावे लागतात. आपल्याकडे मुलाचा जन्म नोंदवला जातो तेव्हा बारसे झालेलेच असते असे नाही. त्यामुळे जुन्या जन्मदाखल्यांत नावाचा रकाना पुष्कळदा कोरा आढळतो. दाक्षिणात्य पद्धतीत नावापुढे गावाचे वा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते, आडनाव असतेच असे नाही. मराठी घरांत वडिलांचे नाव मधे येते आणि लग्नानंतर स्त्रीचे नाव समूळ बदलण्याची रीत आहे. व्यक्तिनाम आणि कुलनाम असे दोनच रकाने जाणणाऱ्या जर्मन कचेरीला हा सारा प्रकार कोड्यासारखा वाटतो. भारतातील दाखल्यांवरचा आंतरराष्ट्रीय प्रमाणनाचा शिक्का जर्मनी मानत नाही; म्हणून मूळ नोंदीची पडताळणी कित्येकदा येथे, प्रत्यक्ष जागेवर करवून घेतली जाते. म्हातारे आईवडील पालिकेच्या कचेरीत खेटे घालतात आणि त्या दाखल्यावर मुलगा दूरदेशी नवे नागरिकत्व मागतो.

एवढे सारे पार पडल्यावर नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हाती देण्याचा दिवस येतो. अर्जदार जर्मन संविधानाचा आणि कायद्यांचा आदर राखण्याचे गंभीर वचन देतो, प्रमाणपत्र स्वीकारतो आणि त्या क्षणापासून जर्मन नागरिक होतो. २०२४ पर्यंत जर्मन कायदा सामान्यतः जुने नागरिकत्व सोडण्याची अट घालीत असे. आता ती अट उरलेली नाही. यावरून दोन्ही नागरिकत्वे राखता येतात अशी अनेकांची समजूत होते. भारतीयाच्या बाबतीत ती चुकीची आहे. भारतीय संविधानाचा ९ वा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे ९ वे कलम यांचा रोख एकच आहे: स्वेच्छेने परक्या देशाचा नागरिक झालेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही. त्यासाठी राजीनामा लागत नाही. जर्मन अधिकाऱ्याच्या हातून प्रमाणपत्र घेताना भारतीयत्वाची कायदेशीर दोरी आपोआप सुटते. भारतीय पारपत्र त्यानंतर वकिलातीत परत करावे लागते. ते वापरत राहणे हा गुन्हा आहे. ज्या अर्जाचे शुल्क जर्मनीत भरले जाते, त्याची खरी किंमत अशी भारतात मोजली जाते.

भारताने २००३ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ अशी योजना आणली. नावात नागरिक असला तरी हे नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला आजन्म ये-जा करता येते, घर घेता येते, नोकरी-धंदा करता येतो. परंतु मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलार्जित जमीन वारशाने येऊ शकते. म्हणजे कर्नाटकातील पहाणीवर किंवा महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर त्याचे नाव लागेल, पण शेजारचा एक गुंठाही त्याला खरेदी करता येणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जर्मनीत वीस वर्षे कर भरणाऱ्या भारतीयाला तेथील नगरपालिकेच्या निवडणुकीतही मत नाही. भारतातील मतदारयादीत परदेशस्थ भारतीयाचे नाव लागू शकते, पण मत टाकण्यासाठी त्याने स्वतः मतदानकेंद्रावर यावे लागते. अशा रीतीने तो कागदावर एका देशाचा मतदार असतो आणि प्रत्यक्षात कोणत्याच देशाचा नसतो. पालकांपैकी एकाचा ५ वर्षांचा रहिवास आणि कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर तेथे जन्मलेले मूल जन्मतःच जर्मन ठरते. मग एकाच घरात दोन पारपत्रे नांदतात, आणि विमानतळावर मूल एका रांगेत व आईबाप दुसऱ्या रांगेत, असा प्रसंग येतो.

म्हणूनच या अर्जाकडे देशनिष्ठेच्या कसोटीसारखे पाहणे अन्यायाचे आहे, आणि केवळ सोयीचा व्यवहार म्हणून पाहणेही उथळपणाचे आहे. मायभूमीची माया कोणत्याही कलमाने रद्द होत नाही. परंतु मायेने मतदानाचा अधिकारही मिळत नाही. बोर्नपुढे निवड अशी नव्हतीच. त्याचा देश त्याच्यावर उलटला होता. आजच्या अर्जदारामागे त्याचा देश उभा आहे आणि पुढेही एक देश दार उघडून उभा आहे. ही त्याच्या भाग्याची गोष्ट खरी, पण त्यामुळेच निर्णयाची जबाबदारी सर्वस्वी त्याच्यावर येते. आपले उरलेले आयुष्य कोणत्या समाजात जाणार, तेथील शाळा, रस्ते आणि कायदे कसे असावेत हे ठरवण्यात आपल्याला भाग घ्यावयाचा आहे काय, आणि त्यासाठी बंगळूरच्या मतदारयादीतील आपले नाव कायमचे खोडून घेण्याची तयारी आहे काय, हे प्रश्न त्याने अर्जावर सही करण्यापूर्वी स्वतःला विचारले पाहिजेत. उत्तर कोणतेही येवो. दोन्ही देशांचे कायदे नीट जाणून ते दिलेले असावे, एवढेच महत्त्वाचे आहे.