मुंबईच्या पंगतीत



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमची विद्या म्हणाल तर शाळेतली थोडी आणि चळवळीतली पुष्कळ. त्यातून आजचा विषय खाण्याचा! संघटनेचा माणूस मजुरीचे दर सोडून भजी-पुलावाच्या गोष्टी काय सांगतो, असे काहींच्या मनात आले असेल. पण मजुरीचा दर म्हणजे तरी काय? शेवटी ताटात काय पडते, त्याचाच तो हिशेब आहे.

कामगारांची गाऱ्हाणी घेऊन आम्हांला वारंवार मुंबईस जावे लागते. आझाद मैदानावर बसायचे, मंत्रालयात निवेदन द्यायचे आणि 'उद्या या' असे उत्तर घ्यायचे. या 'उद्या'ने आमचे पुष्कळ दिवस खाल्ले; पण त्याच दिवसांत आम्ही मुंबई पायी पाहिली आणि चाखली.

आझाद मैदानातून उठले की जवळच धोबीतलाव. तेथे 1904 सालापासूनचे कयानी हे इराणी हॉटेल आहे. इराणातल्या यझ्द, केरमान या भागांतून गरिबीने आणि जाचाने निघालेले झरतुष्ट्री लोक मुंबईस आले आणि त्यांनी चहाची दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळाली, असे सांगतात. ते काही असो. त्या कोपऱ्यावर संगमरवरी टेबलाशी चहा आणि ब्रून-मस्का मांडला गेला, आणि पैसे टाकील त्याला तो मिळू लागला. तुझी जात कोणती, हे इराण्याने विचारले नाही. ही गोष्ट लहान नव्हे. त्याच काळात रेल्वेच्या फलाटावर हिंदू पाणी निराळे आणि मुसलमान पाणी निराळे होते. आमच्या मराठवाड्यातल्या गावांत तर चहाच्या दुकानाबाहेर दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ बाबा आढावांना 1972 साली उभारावी लागली, यावरून काय ते समजावे.

धोबीतलावच्या आसपास गोवेकरांच्या 'कुडी' आहेत. आगबोटीवर नोकरी धरणारा गोव्याचा ख्रिस्ती माणूस मुंबईत उतरला की आपल्या गावाच्या कुडीत पथारी टाकी. पाव आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि गोव्याच्या पाववाल्यांनी तो मुंबईच्या अंगवळणी पाडला. त्याच पावात पुढे बटाटावडा जाऊन बसला. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव विकायला आरंभ केला, असे मानतात. बटाटा परदेशचा, पाव परदेशचा, मिरचीसुद्धा परदेशची. आणि वडापाव मात्र अस्सल मराठी! शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

मशीद बंदरकडे चला. या नावाची 'मशीद' म्हणजे 1796 साली बेने इस्राएल समाजाने बांधलेले प्रार्थनामंदिर, असे म्हणतात. हे यहुदी लोक कोकणात तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची घरची बोली मराठी. नवस फेडताना ते पोहे, खोबरे, गूळ आणि फळे एकत्र करून 'मलिदा' करतात. देव त्यांचा निराळा, पण नैवेद्य आपल्या ओळखीचा! पलीकडे भेंडीबाजारात बोहरी मुसलमानांची वस्ती. त्यांच्या घरी एका मोठ्या थाळ्याभोवती सातआठ माणसे बसतात, आधी चिमूटभर मीठ चाखतात आणि एकाच थाळ्यातून सगळे जेवतात. पंगतीत शेजारच्याचा धक्का लागला तर पान बदलणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या थाळ्याचे मोल कळेल.

माटुंग्याला उडुपी पद्धतीचे जेवण मिळते. रामा नायकांनी 1942 साली स्टेशनाजवळ सुरू केलेल्या बोर्डिंगात आजही केळीच्या पानावर भात-सांबार वाढतात. दक्षिण कानड्यातून पोरे आली, भांडी घासता घासता कानडी रात्रशाळांत शिकली, आणि त्यांतली काही हॉटेलांची मालक झाली. सायन-कोळीवाड्याला आणि उल्हासनगरला फाळणीत घरदार गमावलेले पंजाबी आणि सिंधी आले. सरकारने त्यांना बराकी दिल्या. त्यांनी मुंबईला तंदूर दिला, दाल-पकवान दिले. हाताशी भांडवल नसले की माणूस आईच्या हाताची चव भांडवल म्हणून लावतो, हे आम्हांला तेथे दिसले.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या गिरणगावाकडे वळू. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणीकामगार बायकामुले गावी ठेवून एका खोलीत दहाबारा जणांबरोबर राही. पाळ्या पाळ्यांनी झोपणे आणि खाणावळीत जेवणे. खाणावळवाली बाई पहाटेपासून चुलीपुढे असे. मालवणच्या माणसाला मालवणी कालवण, घाटावरच्याला भाकरी. ज्याची त्याची चव तिने सांभाळली. पण ती स्वतः वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजात बुडालेली. संप झाला की कामगारांचा पगार बंद, हिची चूल मात्र चालू! उधारीवर जेवू घालून तिने संप जगविले. कामगार चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात, या बायांची येत नाहीत. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली या बायांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. 1969 साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. त्या बँकांकडून त्यांनी बायांना कर्जे मिळवून दिली आणि सावकाराचा फास सैल केला. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या मोडल्या, भोंगे थांबले, खाणावळीही विरल्या. आज तेथे उंच इमारती आहेत. चहाच्या पेल्याची किंमत ऐकूनच तहान भागते.

पण गिरणगावाचे नुसते गोडवे गाऊ नयेत. त्याच गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. अधिक मजुरीचे काम एवढ्याने त्यांना बंद झाले. डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना हा जाब विचारला. ज्यांचे झेंडे एक होते त्यांचे पाणी एक नव्हते, आणि त्यामुळे एकजूट कच्ची राहिली. तोंड आणि पोट यांचा प्रश्न संघटनेबाहेरचा नाही, तो असा.

मंडळी, हे सारे आम्ही केजमध्ये का सांगत आहो? धनेगावला मांजरेवर धरण आहे; तरी दसरा-दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातला कोयता बाहेर पडतो. उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पहाटे अंधारात थापलेली भाकरी उन्हात फडाच्या बांधावर खातात. साखर त्यांच्या घामाची, आणि चहा बहुधा कोरा! तेथे गावकरी त्यांना 'बीडवाले' म्हणून लांब ठेवतात. आणि आपल्या हॉटेलांत बिहारचा, नेपाळचा पोरगा टेबल पुसतो, त्याला आपण काय म्हणून हाक मारतो? 'ए पोऱ्या!' परगावी जो अपमान आपल्याला झोंबतो, तोच आपल्या दारी आपण दुसऱ्याला वाढावा, हे कोणत्या न्यायात बसते?

तेव्हा आमचे मागणे सरळ आहे. तरुणांनी मुंबईस जावे तेव्हा नुसते ओळखीच्या चवीच्या मागे लागू नये. परक्याच्या ताटाशी बसावे. जे खात नसाल ते खाऊ नका, पण नाक मुरडू नका. आणि बिल देताना वाढणाऱ्याला एवढे विचारा: 'बाबा, तू जेवलास का? सुट्टी केव्हा असते?' हॉटेलातल्या नोकराचे कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी 1948 च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्यानेच बांधून दिली होती. 2017 साली त्याच्या जागी नवा कायदा आला. कायदे बदलले, तरी मध्यरात्री भांडी घासणारे पोर अजून दिसते. पुण्यात हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' काढून कष्टकऱ्याला स्वस्त आणि मानाचे जेवण दिले. आपल्या बाजारात, स्टँडपाशी, असे एखादे केंद्र आपण का काढू नये? आपली ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी कोणाला कमी नाही. ते कोणी काढायचे, याचा विचार येथून उठण्यापूर्वी व्हावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.