गाळ्यातील दहावा कामगार : स्वागताध्यक्षीय भाषण

सन्माननीय परिषदाध्यक्ष, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी, कामगार संघटनांचे प्रतिनिधी आणि अंधेरी ते बोरिवली व घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील लहानमोठे कारखानदार यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. मरोळची औद्योगिक वसाहत, १९७३ साली सुरू झालेले सीप्झ हे निर्यातक्षेत्र आणि लालबहादूर शास्त्री मार्गालगतचे जुने कारखाने यांच्यामुळे मुंबईच्या उपनगरांना औद्योगिक ओळख मिळाली; तथापि आज या परिषदेत ज्याचा विचार व्हायचा आहे तो उद्योग बव्हंशी औद्योगिक इस्टेटीतील गाळ्यात, पोटमाळ्यासह, मोजक्या कारागिरांवर चालणारा आहे.

'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२०' ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. संहिता म्हणजे एकाच विषयावरील विखुरलेले कायदे एकत्र करून केलेली एकसंध रचना. या संहितेत १९४८ च्या कारखाने अधिनियमासह, कंत्राटी कामगार, बांधकाम कामगार, खाणी, गोदी इत्यादींविषयीचे तेरा केंद्रीय कायदे सामावले गेले. नोंदणी एक झाली, वेगवेगळ्या कायद्यांखालील कागदपत्रे आटोपशीर झाली आणि निरीक्षकाला 'निरीक्षक तथा सुविधाकार', म्हणजे तपासणीबरोबरच मालकाला सल्ला देणारा अधिकारी, असे नवे पद मिळाले. मालकवर्गाने या सोयींचे स्वागत केले, ते स्वाभाविकच आहे. पण संहितेतील खरा बदल सोयीत नसून एका आकड्यात आहे.

१८८१ चा पहिला कारखाने कायदा शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता आणि त्याचा भर मुख्यतः बालकामगारांवर होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून साप्ताहिक सुटी आणि कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई मागितली, ती त्या कायद्याच्या अपुरेपणामुळेच. पुढे ही मर्यादा १८९१ मध्ये पन्नासावर, १९२२ मध्ये यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी वीसवर आणि १९४८ मध्ये दहावर आली. कायद्याचे छत्र असे पिढ्यानपिढ्या लहान कारखान्याकडे सरकत गेले. नव्या संहितेने कारखान्याच्या व्याख्येतील हा आकडा यंत्रशक्ती असल्यास वीस आणि नसल्यास चाळीस केला, म्हणजे १९४८ च्या मूळ कायद्याच्या दुप्पट. लहान उद्योगाला श्वास घेता यावा हा त्यामागचा हेतू समजण्याजोगा असला, तरी प्रवाहाची दिशा उलटली हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र वीसपेक्षा कमी कामगार म्हणजे मोकळे रान, असा जो समज इस्टेटींमधून ऐकू येतो तो चुकीचा आहे. 'आस्थापना' ही संहितेतील व्यापक संज्ञा असून, जेथे उद्योग, व्यापार किंवा व्यवसाय चालतो आणि दहा वा अधिक कामगार असतात अशी जागा तिच्यात येते. अशा आस्थापनेची नोंदणी, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, इजा किंवा व्यवसायजन्य आजार होऊ शकेल अशा धोक्यांपासून मुक्त कामाची जागा आणि विहित वयाच्या वा वर्गाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी ही मालकाची कर्तव्ये आहेत. शिवाय धोकादायक म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या कामांना संख्येची अट उरत नाही.

प्रश्न उरतो तो दहाच्या खालच्या गाळ्याचा, आणि उपनगरांच्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर आहे. साकीनाक्याच्या खैरानी रोडवर १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे फरसाणाच्या दुकानाला आग लागून तेथेच झोपलेले बारा कामगार मृत्युमुखी पडले. तेल, भट्ट्या, अरुंद वाट आणि कामाच्या जागीच झोपण्याची रीत या गोष्टी एकत्र आल्या की धोका हजेरीपट मोजत बसत नाही. पोटमाळ्यावरून खाली येण्याची दुसरी वाट आहे की नाही, हे पाहण्यासाठी मालकाला दहावा कामगार नेमण्याची वाट पाहावी लागत नाही.

आगीचा धोका निदान दिसतो; आजार दिसत नाही. घाटकोपरला एकेकाळी अ‍ॅस्बेस्टॉसपासून ब्रेकचे अस्तर बनत असे. त्या तंतूंनी फुफ्फुसांत होणारा विकार अनेक वर्षांनी, पुष्कळदा निवृत्तीनंतर उघड होतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तिथपर्यंत जपण्याचा आदेश दिला. कंत्राटदार दर वर्षी बदलणाऱ्या गाळ्यात अशी नोंद कोणी आणि कोठे ठेवायची, याचे उत्तर वार्षिक तपासणीच्या तरतुदीत आपोआप मिळत नाही.

पाचशे कामगारांच्या कारखान्यात, आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास अडीचशेवर, सुरक्षा अधिकारी बंधनकारक आहे; उपनगरांतील गाळ्यांना तो कधीच लाभणार नाही. एका इस्टेटीतील गाळेधारकांनी मिळून असा एक जाणकार नेमणे आणि आरोग्याच्या नोंदी सोसायटीच्या कार्यालयात एकत्र ठेवणे, हा प्रस्ताव स्वागत समितीने पहिल्या सत्रासाठी मांडला आहे. त्याच्या खर्चाची वाटणी आणि संचालनालयाचे त्यातील साहाय्य यांवर मालक व कामगार प्रतिनिधींनी मोकळेपणाने बोलावे, आणि अध्यक्षांनी परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी समितीची विनंती आहे.