नाव कोणाचे, काम कोणाचे?

(वेरूळ येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सकाळी आपण लेणी पाहून आलो. कैलास लेण्याचे श्रेय राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याला दिले जाते. छिन्नी चालवणाऱ्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. संशोधनातही असेच घडते, त्याविषयी मी बोलणार आहे.

विद्यापीठांत संशोधकाचे मोठेपण आता आकड्यांत मोजतात. कोणत्या लेखाचा उल्लेख कोणी केला, याची सूची यूजीन गारफील्ड यांनी अमेरिकेत १९६०च्या दशकात सुरू केली. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' सुचवला. दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला, की हा आकडा दहावर पोचतो. कोण कोणाबरोबर लिहितो, याचेही जाळे मांडतात. नेमणूक, बढती ठरवताना असे आकडे पुढे येतात.

मोजायला हरकत नाही. पण माप कोणाचे? १७७९ ते २०११ या काळातील सुमारे पंधरा लाख लेखांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुरुष स्वतःच्याच जुन्या लेखनाचा उल्लेख स्त्रियांपेक्षा ५६ टक्के अधिक करतात, असे तीत दिसले. बाळंतपणात, घरच्या आजारपणात लिहिणे थांबते, ते या आकड्यांत कुठेच दिसत नाही. आपल्या मराठी पुस्तिका तर बहुतेक या सूच्यांच्या बाहेरच राहतात.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली निघाले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. पुढे ते जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. आज आपल्या मराठवाडा विद्यापीठातील स्त्री अभ्यास केंद्राला ताराबाईंचे नाव आहे. १९७० साली उल्लेख मोजले असते, तर त्यांच्या पदरात काय पडले असते?

आता माझी गोष्ट. एमएसडब्ल्यू झाल्यावर मी एका अभ्यासासाठी तीन महिने प्रश्नावल्या भरल्या. अहवालात माझे नाव नव्हते. 'क्षेत्रकार्यकर्त्यांचे आभार' एवढेच होते. फार लागले मनाला. पुढे मीच बचतगटावर पुस्तिका लिहिली. माहिती बायांनी जमवली होती, मुखपृष्ठावर नाव मात्र माझे एकटीचे. एकीने पुस्तिका उलटीपालटी करून विचारले, "ताई, ह्यात आमी कुठं हाव?" मला उत्तर देता आले नाही.

वेगळी वाटही आपल्यापुढे आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये दोघींच्या नावाने आले. त्या स्त्रियांची नावेही त्यात आहेत.

म्हणून तीन गोष्टी ठरवू या. अभ्यासाला हात लावण्यापूर्वी लेखक म्हणून कोणाकोणाची नावे येणार, ते लिहून घ्यायचे. अहवाल मराठीत गावाला परत द्यायचा, आणि तो बायकांसमोर वाचायचा. आपण लिहू तेव्हा एकमेकींच्या कामाचा नावानिशी उल्लेख करायचा. जिला नाव नको असेल, तिचे ऐकायचे.

त्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीवर बारा नावे आहेत. माझे त्यात सातवे आहे. एवढे बोलून थांबते.