चुन्याची डबी आणि पांढरी पुडी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य शिबिरात आपल्याच सोसायटीतील एका दंतवैद्य सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दातांचा डॉक्टर बोलायला उभा राहिला की 'दोनदा ब्रश करा, गोड कमी खा' एवढंच ऐकायला मिळणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आज विषय वेगळा घेतलाय : निकोटीन पाऊच. ज्येष्ठांपैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं नसेल. मुलांनी मात्र मोबाईलवर पाहिलेलं असतं, आणि आपल्यापैकी अनेकांची मुलं, नातवंडं शिकायला नाहीतर नोकरीला परदेशात आहेत. तिथे हे दुकानात समोर मांडलेलं असतं.

छोटीशी पांढरी पुडी. वरचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची, साधारण अर्ध्या तासाने काढून टाकायची. चावायचं नाही, थुंकायचं नाही. आत तंबाखूचं पान नसतं. निकोटीन, वनस्पतींच्या तंतूंचा भुसा, पुदिन्याचा किंवा फळांचा स्वाद, गोडी आणणारा पदार्थ आणि सोडियम कार्बोनेटसारखा एखादा क्षार, एवढं असतं.

या शेवटच्या क्षाराकडे लक्ष द्या. आपल्याकडे तंबाखू चुना लावून मळतात. का? चुन्यामुळे निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या, ओठाच्या आतल्या नाजूक त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. पुडीतला क्षार हेच काम करतो. म्हणजे आजोबांच्या बंडीतली चुन्याची डबी आता नव्या वेष्टनात आली आहे, असं समजा.

तुम्ही विचाराल, 'डॉक्टर, पण तंबाखूपेक्षा हे बरं ना?' या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं पाहिजे, कारण नुसती भीती घातली की मुलं आपलं ऐकणं सोडतात. तंबाखू जळत नाही, पानही नाही, त्यामुळे कर्करोग करणारी द्रव्यं सिगारेट किंवा तंबाखूच्या मानाने खूपच कमी असतात. स्वीडनमध्ये 'स्नूस' नावाची ओली तंबाखू ओठाखाली ठेवायची जुनी पद्धत आहे. तिथे सिगारेट ओढणारे युरोपातल्या इतर देशांपेक्षा फार कमी. या पुड्या त्याच घराण्यातल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये एका कंपनीच्या २० प्रकारांना विक्रीची परवानगी दिली, ती सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांचा विचार करून. उलट बेल्जियमने २०२३ मध्येच विक्रीवर बंदी घातली. दोघांसमोर माहिती बरीचशी तीच होती. एकाने सिगारेट ओढणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला, दुसऱ्याने शाळकरी मुलगा.

आपण कोणाला डोळ्यांसमोर ठेवायचं? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपलं दुखणं आधीपासूनच तोंडातलं आहे : मशेरी, खैनी, मावा, गुटखा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीमागे काय मिळतं ते तुम्ही जाणता. ई-सिगारेटवर २०१९ मध्ये देशभर बंदी आली. पण पुडीत ना यंत्र ना वाफ, त्यामुळे त्या कायद्याच्या व्याख्येत ती बसत नाही.

ज्याने कधी काहीच घेतलं नाही, अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी 'तंबाखूपेक्षा बरं' या वाक्याला अर्थच नाही. त्याची तुलना तंबाखूशी नाही, 'काहीच नाही'शी आहे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते. त्या वयात निकोटीनची सवय लवकर लागते आणि घट्ट बसते. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, पुडी ठेवायच्या जागी हिरडी दुखावते. गरोदरपणात तर निकोटीन बाळाला घातकच. वीस-तीस वर्षं वापरल्यावर काय होतं, हे सांगण्याइतकी ही वस्तू जुनी झालेलीच नाही.

शिवाय पूर्वी घरच्यांना सुगावा लागायचा. शर्टाला वास यायचा, जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी दिसायची. या पुडीला ना वास ना डाग. मुलगा आपल्यासमोर जेवणाच्या टेबलावर बसलेला असतो आणि पुडी ओठाखाली असते. आणखी एक : रांगत्या बाळाच्या हाती अशी डबी लागली तर ती गोळ्या-चॉकलेटसारखीच वाटते. बाळाने गिळलं तर ओकारी, घाम, अस्वस्थता येऊ शकते. वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. वापरून टाकलेल्या पुडीतही निकोटीन उरलेलं असतं.

आता ज्यांना तंबाखूची सवय आहे त्यांच्यासाठी. तुमची तलफ मी हसण्यावारी नेत नाही. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. निकोटीनची च्युइंग गम औषध म्हणून मिळते. ती ठरावीक आठवडे घेऊन कमी करत बंद करायची असते. पुडीच्या डबीवर बंद कधी करायचं ते लिहिलेलं नसतं, हाच दोघींतला फरक. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येतं.

आणि महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात तोंड तपासा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट अचानक झोंबू लागणं, तोंडात आपलीच तीन बोटं उभी न मावणं, यांतलं काहीही दिसलं तर दाखवून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते दुखतच नाही.

पालकांना एवढंच सांगेन की, डबी सापडली तर आधी आरडाओरडा नको. 'किती दिवसांपासून, दिवसाला किती, नाही घेतली तर काय होतं?' हे तीन प्रश्न शांतपणे विचारा. उत्तरं खरी मिळाली की निम्मं काम झालं.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, लिफ्ट, रंगकाम सगळं मिळून निभावलं. पुढची पंचवीस वर्षं या मुलांची आहेत. त्यांच्याशी या विषयावर मोकळेपणाने बोलणारी घरं आपल्या सोसायटीत असोत, हीच रौप्यमहोत्सवानिमित्त शुभेच्छा.